नवटाक म्हणजे नेमके किती?

प्रश्न असा आला आहे. घरातील पाककृतींच्या एका जुन्या वहीत प्रसादाच्या शिऱ्यासाठी "रवा पावशेर, साखर पावशेर, तूप नवटाक, केळी दोन, केशर चार गुंजा" असे लिहिलेले सापडले. यातील नवटाक म्हणजे आजचे किती ग्रॅम, त्यातला "नव" हा नवा की नऊ, आणि छटाक किंवा देव्हाऱ्यातले टाक यांच्याशी या शब्दाचे काही नाते आहे का? मोडी कागदांचे लिप्यंतर आणि जुन्या जमाखर्चांचे वाचन हे माझे काम असल्याने हा शब्द वारंवार समोर येतो, आणि तो वाचताना होणारी गफलत बहुधा एकाच प्रकारची असते. नवटाक हे स्वतंत्र, ठरलेले वजन आहे असे समजून वाचणारा लगेच ग्रॅम शोधू लागतो. प्रत्यक्षात जमाखर्चांतला नवटाक हा शेराचा आठवा भाग आहे. शेर बदलला की नवटाक बदलतो. ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराचा नवटाक ११६.६ ग्रॅम भरतो, तर जुन्या मुंबई शेराचा नवटाक जेमतेम ४० ग्रॅम. जवळजवळ तिपटीचा हा फरक लक्षात घेतला नाही, तर शिरा बिघडतोच, पण एखाद्या संस्थानच्या कोठीचा वर्षाचा हिशेबही चुकीचा वाचला जातो.

आता "नव"कडे वळू. तो नऊच आहे. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर "नवे पैसे" हा शब्द काही वर्षे घरोघरी वापरात होता, त्यामुळे नवटाक म्हणजे नवीन पद्धतीचा टाक असा समज अनेकांच्या मनात बसलेला दिसतो. शब्द मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे. समासात नऊचे रूप नव असे होते, हे नवग्रह, नवरात्र, नवरत्न यांवरून आपल्याला ठाऊक आहे. त्याच नियमाने नऊ टाकांचा तो नवटाक, जुन्या लेखनात नवटांक. ("नव्याचे नऊ दिवस" या म्हणीत दोन्ही शब्द शेजारी बसले असले, तरी येथे गोंधळाला जागा नाही.) ७२ टाकांचा एक शेर मानला की आठवा भाग नऊ टाकांचा येतो, आणि शब्दाची उकल तेथेच होते. खरा प्रश्न उरतो तो टाक केवढा, आणि ७२ चा हिशेब आला कोठून, हा.

संस्कृतातील टंक या शब्दाला तोलाचे परिमाण, छाप उठवलेले नाणे आणि दगड फोडायची छिन्नी असे तीन अर्थ आहेत. आपल्याला येथे पहिला हवा आहे. वैद्यकातील मानपरिभाषेत, शार्ङ्गधरसंहितेत, सहा रक्तिकांचा म्हणजे गुंजांचा एक माष आणि चार माषांचा एक शाण सांगितला असून त्याच शाणाला टंक असेही नाव दिले आहे. म्हणजे वैद्यांचा टंक २४ गुंजांचा. व्यापारातला मासा मात्र आठ गुंजांचा, आणि बारा मासे म्हणजे तोळा. प्रकृती "तोळामासा" आहे असे आपण म्हणतो, ते याच जोडीवरून. मुंबई बंदराच्या जुन्या कोष्टकात आठ रतींचा मासा, चार माशांचा टाक, ७२ टाकांचा शेर, ४० शेरांचा मण आणि २० मणांची खंडी अशी चढण दिलेली आहे. तेथे टाक ३२ रतींचा, म्हणजे गुंजांचा, ठरतो. चार मासे हे प्रमाण वैद्याकडे आणि व्यापाऱ्याकडे सारखेच राहिले, पण मासाच वेगळा असल्याने टाकही वेगळा झाला.

७२ चा आधार शोधताना एक श्लोक फार उपयोगी पडतो. भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) लीलावतीच्या आरंभी परिभाषा, म्हणजे नाणी, वजने, लांबी आणि धान्यमाप यांची कोष्टके, पद्यात दिली आहेत. दोन यवांची (जवाच्या दाण्यांची) गुंज, तीन गुंजांचा वल्ल, आठ वल्लांचे धरण आणि दोन धरणांचा गद्याणक, असा तो क्रम आहे. गद्याणक त्यामुळे ४८ गुंजांचा होतो. याच्या जोडीने काही प्रतींत असा श्लोक येतो की, पाऊण गद्याणकाएवढ्या "द्विसप्त" टंकांचा सेर होतो आणि "खयुग" सेरांचा मण होतो, आणि धान्यादिकांच्या तोलातली ही "तुरुष्कसंज्ञा" आहे. श्लोकात अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात, म्हणून द्विसप्त म्हणजे ७२; ख म्हणजे शून्य आणि युग म्हणजे चार, म्हणून खयुग म्हणजे ४०. बहात्तर टंकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण, हे मुंबईच्या व्यापाऱ्यांचेच कोष्टक येथे संस्कृतात उभे आहे.

हा श्लोक खुद्द भास्कराचार्यांचा मानणे कठीण आहे. "तुरुष्क" म्हणजे तुर्क, आणि हा उल्लेख उत्तरकालीन भरीकडे बोट दाखवतो, आणि याच ठिकाणी येणारा दुसरा एक श्लोक तर आलमगीर शहाने, म्हणजे औरंगजेबाने, आपल्या राज्यातील नगरांत लावलेल्या शेराचे माप सांगतो. औरंगजेब १६५८ मध्ये तख्तावर आला, त्यामुळे त्या श्लोकाबद्दल शंकाच उरत नाही. तरीही माझ्या दृष्टीने या भरीचे मोल कमी होत नाही. पाठशाळेत गणित शिकवणाऱ्या कोणा पंडिताला विद्यार्थ्यांना बाजारातले चालू कोष्टक सांगणे भाग वाटले, म्हणून त्याने ते श्लोकबद्ध करून ग्रंथात बसवले. म्हणजे ते त्या काळी खरोखर वापरात होते.

या श्लोकातला टंक पाऊण गद्याणक, म्हणजे ३६ गुंजांचा येतो. ९६ गुंजांचा तोळा ११.६६ ग्रॅम धरला, तर एक गुंज सुमारे ०.१२१५ ग्रॅम, त्या हिशेबाने श्लोकातला टंक ४.३७ ग्रॅम, सेर ३१५ ग्रॅम आणि मण १२.६ किलो होतो. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा ठरला होता. त्याचा चाळिसावा भाग ३१७.५ ग्रॅम आणि त्याचाही बहात्तरावा भाग ४.४१ ग्रॅम. दोन्हींतले अंतर शंभरात एकाहूनही कमी आहे. गुंजेचे बी शेवटी वेलीवरचे. कुठले हलके, कुठले जड, म्हणून केवळ या आकडेमोडीवर इमारत उभारू नये. परंतु मुंबईच्या कोष्टकात ३२ गुंजांचा म्हणून लिहिलेला टाक प्रत्यक्ष तराजूत ३६ गुंजांच्या जवळ भरतो, एवढे तरी यातून दिसते. कोष्टकातले शब्द आणि दुकानातले दगड यांच्यात असे अंतर नेहमीच राहत आलेले आहे.

येथून नवटाकाचा प्रवास समजून घेणे सोपे जाते. आरंभी तो नऊ टाकांचा, म्हणजे मोजून ठरलेला होता. पण शेराची वाटणी आपल्याकडे कायम निम्म्यानिम्म्याने होत आली: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. या उतरंडीत पावशेराच्या निम्म्याला नाव हवे होते, ते नवटाकाने पुरवले. काही ठिकाणी त्यालाच अदपाव म्हणत. मग शेर २४ तोळ्यांचा असो, २८ चा असो की ८० चा, त्याचा आठवा भाग नवटाकच म्हटला जाऊ लागला. पक्क्या शेराच्या नवटाकात नऊ टाक शोधू गेलो तर हिशेब कधीच जुळायचा नाही, कारण दहा तोळे म्हणजे चार माशांच्या टाकाचे तीस टाक होतात. नाव राहिले, पण त्यातील संख्येचा संबंध तुटला.

जमाखर्चाच्या लेखनपद्धतीनेही या बदलाला हातभार लावला असावा, असे मला वाटते. मोडी हिशेबांत पूर्ण अंकापुढे उभी रेघ म्हणजे पाव, दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, आणि त्यापुढे आडवी रेघ म्हणजे सोळावा भाग. रुपयांच्या रकान्यात ५॥= असे असेल तर ते पाच रुपये दहा आणे; तेच चिन्ह शेरांच्या रकान्यात असेल तर साडेपाच शेर नवटाक. एक आडवी रेघ रुपयात आणा आणि शेरात छटाक, दोन आडव्या रेघा रुपयात दोन आणे आणि शेरात नवटाक. कारकुनाच्या डोळ्यांपुढे नऊ टाक कधी येतच नसत, येत असे ती दोन रेघांची खूण. रकान्याच्या मथळ्याकडे दुर्लक्ष करून वाचणाऱ्यांनी तुपाचे नवटाक दोन आणे म्हणून लिहिलेले मी एकाहून अधिक लिप्यंतरांत दुरुस्त केले आहेत, तेव्हा मोडी शिकणाऱ्यांनी पान उलटल्यावर रकाना कशाचा चालू आहे हे आधी पाहावे.

आता छटाक. कोशकार त्याची व्युत्पत्ती षट् आणि टंक अशी देतात, म्हणजे सहा टाकांचा तो छटाक. मराठीत षट्‌चा छ होणे छत्तीस आणि छप्पन्न यांमुळे परिचयाचे आहे. पण येथे अडचण उभी राहते. छटाक हा नवटाकाच्या निम्मा, शेराचा सोळावा भाग. आणि नऊच्या निम्मे साडेचार होतात, सहा नव्हे. सहा टाकांचा सोळावा भाग हवा तर शेर ९६ टाकांचा लागतो. बहात्तर आणि शहाण्णव, दोन्ही एकाच शेराचे कसे?

याचे मला पटलेले उत्तर वर आलेल्या दोन टाकांतच आहे. व्यापाऱ्याचे ३२ गुंजांचे ७२ टाक घेतले तर २,३०४ गुंजा होतात. वैद्याचे २४ गुंजांचे ९६ टाक घेतले तरीही २,३०४ गुंजाच होतात. आणि २,३०४ गुंजा म्हणजे बरोबर २४ तोळे. चोवीस तोळ्यांचा कच्चा शेर दक्षिणेत प्रत्यक्ष चालत असे. मद्रासकडच्या कोष्टकात तीन तोळ्यांचे एक पलम आणि आठ पलमांचा शेर होता, म्हणजे तिथले पलम आणि कच्च्या शेराचा नवटाक एकाच वजनाचे. तेव्हा नवटाक आणि छटाक हे एकाच कच्च्या शेराचे भाग असावेत, मात्र एकाचे नाव मोठ्या टाकावरून पडले आणि दुसऱ्याचे लहान टाकावरून, असा माझा कयास आहे. तो आकडेमोडीने जुळतो. एखाद्या कागदात तसे स्पष्ट लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्याला कयास म्हणूनच घ्यावे.

टाकाचे बाकीचे सोयरे थोडक्यात सांगतो. नाण्याच्या अर्थाचा टंक टांकसाळीत आणि टक्यात शिल्लक आहे. बांगलादेशाचे चलन टाका हे त्याच घराण्यातले. दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश (१२११ ते १२३६) याने पाडलेला चांदीचा टंका साधारण अकरा ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तोळ्याएवढा होता, तेव्हा कागदात "टंक" दिसला की तो नाण्याचा आहे की तोलाचा हे पाहिल्याशिवाय वजन काढू नये. छिन्नीच्या अर्थाचा टंक पाथरवटाच्या टाकीत उतरला, आणि "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" या म्हणीतून तो ज्यांनी कधी टाकी हातात धरली नाही त्यांच्याही तोंडी आहे. देव्हाऱ्यातला खंडोबाचा किंवा भवानीचा टाक हा धातूच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली प्रतिमा असतो. ठोकून उठवणे ही क्रिया नाणे आणि छिन्नी या दोन्ही अर्थांना जवळची असल्याने त्याचे नाते टंकाशी जोडणे सयुक्तिक आहे. नवटाकाशी मात्र त्याचा संबंध लांबच्या चुलत्याइतकाच. टाकाला वजन असते, पण टाक हे त्याचे वजन नव्हे.

आता तुमच्या वहीकडे येऊ. शेर कोणता हे ठरवायला बाहेरचा पुरावा नसेल, तर पाककृतीतच तो शोधावा लागतो. रवा, साखर आणि तूप ही तिन्ही शेराच्या भागांत दिली आहेत. शेर कोणताही घेतला तरी त्यांचे आपसातले प्रमाण तेच राहते, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच कळत नाही. कळते ते शेरावर अवलंबून नसलेल्या जिनसांवरून, म्हणजे येथे केळी आणि केशर. मुंबई शेर धरला तर रवा ७९ ग्रॅम आणि तूप ४० ग्रॅम येते. एवढ्याशा रव्यात दोन केळी कुस्करली तर शिऱ्याऐवजी केळ्याचा गोळाच हाती येईल, आणि त्यात चार गुंजा, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, केशर घातले तर तो कडवट लागेल. पक्का शेर धरला तर रवा आणि साखर प्रत्येकी २३३ ग्रॅम आणि तूप ११७ ग्रॅम येते. दोन केळी त्यात नीट सामावतात, आणि केशर सढळ हाताचे असले तरी प्रसादाला शोभेलसे राहते. तेव्हा वहीतला शेर बहुधा पक्का आहे, असे मी म्हणेन. तूप ११५ ते १२० ग्रॅम घ्यावे.

वहीवर साल नसेल तर आणखी एक आधार आहे. १९३९ च्या वजनप्रमाणाच्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्रमाण ठरवले. त्यानंतरच्या लिखाणात पक्का शेर गृहीत धरायला हरकत नाही. त्याआधीच्या लिखाणात, विशेषतः मुंबई बंदराशी व्यवहार असलेल्या घरांत, दोन्ही शक्यता खुल्या ठेवाव्यात. वहीत इतरत्र "रुपयाभार" असा शब्द आला असेल तर तोही पाहावा. १८३५ पासूनचा कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर तोळ्याएवढा होता, आणि वजने नसलेल्या घरात तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून जिन्नस तोलला जाई. दहा रुपयाभार तूप आणि पक्क्या शेराचे नवटाक तूप एकच.

एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली आणि या सगळ्या उतरंडीवर वेगवेगळी वेळ आली. पावशेराने पाव किलो हे नवे नाव घेऊन आपली जागा टिकवली. अच्छेर नाहीसा झाला. तोळा सराफ बाजारात राहिला, पण पुष्कळ ठिकाणी तो आता दहा ग्रॅमचा झाला आहे, तेव्हा जुन्या दागिन्यांच्या यादीतला तोळा आणि आजच्या भावातला तोळा एक समजू नयेत. नवटाकाची जागा शंभर ग्रॅमने घेतली आणि बाजारातून तो उठला. पण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरच्या दशकांत हातभट्टीच्या गुत्त्यांवर तो मापाचे नाव म्हणून चांगलाच रुळला होता, आणि "नवटाक मारून आला" हा प्रयोग तराजू न पाहिलेल्या पिढीलाही कळतो. बोलीत हा अर्थ एवढा ठसलेला आहे की, तुपापुढे नवटाक वाचून तरुण वाचक हसतात.

एक सावधगिरी मात्र राहून जाऊ नये. वहीच्या पुढच्या पानांवर कोळवे, चिपटे, मापटे असे शब्द आले, तर ती वजने नाहीत, धान्य भरून मोजायची मापे आहेत. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर, त्यामुळे कोळवे हाही शेराचा आठवा भाग, आणि म्हणून काही जण त्याला नवटाकाच्या बरोबरीने ११७ ग्रॅम धरतात. तसे करू नये. मापाचा शेर हा भांड्याचा आकार आहे. त्यात तांदूळ भरले तर एक वजन येते, पोहे भरले तर दुसरे. घरात जुने पितळी कोळवे असेल तर त्यात पाणी भरून ते किती मिलिलीटरचे आहे ते पाहावे, आणि त्या पानांवरच्या पाककृती वजनकाट्याने न करता त्याच भांड्याने मोजून कराव्यात.